धार कारखान्याकडूनच लावून घ्या

जुनी खुकुरी कुणी पुढे ठेवली, की मी तिचं पातं बघत नाही. आधी मूठ बघते. पात्याचं काय, पॉलिश मारलं की म्हातारीसुद्धा नवरी दिसते. मुठीचं बूड मात्र खोटं बोलत नाही. मोठ्या लढाईच्या दिवसांत सरकारी कारखान्यांनी पलटणींसाठी खुकुऱ्या केल्या, त्यांचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा पात्याचा भाग, मुठीएवढंच रुंद असतं आणि दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या लावून ते खिळ्यांनी पक्कं केलेलं असतं. आमच्या डोंगरातल्या लोहाराने केलेल्या खुकुरीचं शेपूट उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं, एकसंध लाकडात भोक पाडून लाखेत बसवलेलं. त्यानंतर मी पाठीची जाडी बघते, मुठीजवळच्या पात्यातली खाच बघते, कानशीचे ओरखडे कुठल्या दिशेला झुकलेत ते बघते आणि शेवटी हुंगते. काही शहाणे नवं पातं चहाच्या पाण्यात उकडून आणतात, काही शेणात पुरून. मग म्हणतात, आजोबांची आहे. मी म्हणते, आजोबांना चहा फार आवडायचा वाटतं.

नेपाळातल्या भोजपूरच्या बाजारात माझं दुकान आहे. मी बटुली गजमेर, जातीची कामी, म्हणजे लोहार. नवरा मलेशियात गेला तो तिकडेच रमला. त्याचं नाव काढून तोंड कशाला कडू करू. भाता मी चालवते, घण माझा दीर हर्कलाल मारतो. पण दुकान चालतं ते माझ्या चिठ्ठीवर. ही खुकुरी कुणी केली आणि साधारण कधी केली, असं मी लिहून दिलं की धरानचे व्यापारी ते मानतात, परदेशातले शौकीन लोकही मानतात. ही विद्या मला आजेसासऱ्यांनी दिली. मी सून होऊन आले तेव्हा त्यांचे डोळे गेले होते. ओसरीवर बसून ते खुकुरीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, ‘ही शेजारच्या खोटांगची. ही आपली. ही कुणा घाईतल्या माणसाची.’ मग ती माझ्या हातात देऊन मला विचारायचे. चुकले की हसायचे. सासरच्या घरात माझ्याशी हसून बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

दशैं, म्हणजे आमचा दसरा, तोंडावर आला होता तेव्हा कप्तान दलजंग बस्नेत दुकानापुढे आले. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा अजून ताठ. त्यांनी मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या फळीवर ठेवलं. फळीवर म्हणजे फळीवरच. कामीच्या हातात वस्तू द्यायची नाही, खाली ठेवायची, मग तो उचलेल. असला भेदभाव करायचा नाही असा कायदा झालाय म्हणे. कायदा काठमांडूत राहतो, इथवर चढण फार आहे.

“बटुली, आज्याची खुकुरी,” कप्तान म्हणाले. “शाळेत त्यांच्या नावाची खोली करतोय. पलटणीचे साहेब येणार आहेत. काचेच्या पेटीत खुकुरी, वर बोर्ड. तू फक्त चिठ्ठी दे. सरकारी कारखान्याची, महायुद्धातली.”

जमादार रणध्वज बस्नेत यांची ही खुकुरी साऱ्या गावाला ठाऊक. बर्म्याच्या रानात त्यांनी हिच्या जोरावर एक टेकडी राखली होती. छातीवर पदक घेऊन परत आले. दर दशैंला नवमीच्या दिवशी गावच्या कोटात, जिथे सगळ्यांची शस्त्रं पुजतात तिथे, हिनेच बोकड कापतात. एका घावात मान वेगळी झालीच पाहिजे. दुसरा घाव घालावा लागला तर त्या घराला आणि गावाला वर्ष वाईट जातं. खुकुरी मी लांबून पुष्कळदा पाहिली होती. धारेला आमच्याकडेच यायची, का ते मी कधी विचारलं नव्हतं, पण ते काम सासरे करायचे आणि ते गेल्यावर हर्कलाल. माझ्या हातात ती कधी पडली नव्हती.

मी उचलली. बूड पाहिलं. अख्खं लाकूड, लाख काळी पडलेली. पात्यावर शिक्का होता, दोन अक्षरं आणि खाली त्रेचाळीस. शिक्क्यावरून नख फिरवलं तर कडा वर आलेल्या लागल्या. कारखान्यात शिक्का मारतात तो पातं कडक व्हायच्या आधी, मग घासाई होते, म्हणून कडा गुळगुळीत बसतात. हा शिक्का थंड पात्यावर, धारेच्या जुन्या ओरखड्यांच्या वरून ठोकलेला. हे कळायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. पण त्यानंतर मी पाठ पाहिली आणि माझा हात थांबला.

पाठीवरचे कानशीचे ओरखडे उलटे झुकलेले होते. उजव्या हाताचा कारागीर ज्या दिशेला कानस ओढतो, त्याच्या विरुद्ध. आणि खाचेचा आतला पाय बाहेरच्यापेक्षा किंचित लांब. आमच्या घरात डावखुरा एकच माणूस झाला. त्याचा अंगठा मी हजारदा पात्यावरून फिरताना पाहिलाय. मला रडू आलं आणि कप्तानांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी खुकुरी हुंगत बसले.

“ही कारखान्याची नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरची आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी घडवली.”

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते चिडले नाहीत.

“मला माहीत आहे,” कप्तान म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“काकांनी धरानला नेऊन शिक्का मारून आणला होता. मी शाळेत होतो. पेन्शनवाल्यांच्या बैठकीत सगळ्यांकडे सरकारी शिक्क्याच्या खुकुऱ्या, आणि पदक मिळवणाऱ्याची मात्र गावठी. काकांना कमीपणा वाटायचा.” ते माझ्याकडे वळले. “शिक्का मारल्यावर लोक तिला जास्त मान द्यायला लागले, बटुली. आता तो काढून काय मिळणार?”

“काढू नका. चिठ्ठीत मी लिहिते, खुकुरी कामीने घडवली, शिक्का मागाहून मारला. बोर्डावर त्या कामीचं नाव घाला.”

“अगं, खुकुरी कामीच करतो. त्यात नाव काय लिहायचं?”

“मग कारखान्याचं का लिहिताय?”

मग ते समजुतीवर आले. पलटणीचे साहेब येणार, त्यांना आठवण म्हणून द्यायला नव्या खुकुऱ्या लागणार, ते काम हर्कलालला मिळवून देतो म्हणाले. तुझ्या दुकानावर पलटणीची पाटी लावू म्हणाले. भट्टीशी बसलेल्या हर्कलालने मान वर केली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. पोट मलाही आहे. पण मला ओसरीवरचा तो अंगठा दिसत होता.

“खोट्या चिठ्ठीवर मी सही करत नाही,” मी म्हटलं. “उद्या चहात उकडलेली खुकुरी घेऊन कुणी आलं तर त्याला कुठल्या तोंडाने हाकलू?”

“तुझी चिठ्ठी नसली म्हणून खोली अडत नाही,” कप्तान म्हणाले. मखमल गुंडाळली आणि गेले.

ते दिसेनासे होताच हर्कलाल माझ्यावर उखडला. “वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर? वर्षाचं बलुतं त्यांच्या आळीतून येतं. आज्याला जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांना नाव हवंय की आपल्याला भात?”

“तुझा आजा आहे. माझा नाही.”

“म्हणूनच मी म्हणतोय, जाऊ दे.”

गाढवापुढे वाचली गीता. मी भात्याला हात घातला.

चार दिवसांत बोर्ड रंगून आला. शाळेच्या ओट्यावर वाळत ठेवला होता, येणारे-जाणारे वाचत होते. वीर जमादार रणध्वज बस्नेत यांची युद्धातली खुकुरी, सरकारी शस्त्र कारखाना, सन १९४३. मीही वाचला. माझं मस्तक असं तडकलं की म्हणता सोय नाही. पण मी तोंडातून ब्र काढला नाही. मला दशैंचा रिवाज ठाऊक होता आणि कप्तानांच्या घाईत तो त्यांच्या ध्यानातून गेला होता.

रिवाज असा. दशैंच्या आधी गावातली प्रत्येक खुकुरी धारेला जाते आणि जाते ती ज्या घराने घडवली त्याच घराकडे. एका कामीच्या पात्याला दुसरा कामी परवानगीवाचून दगड लावत नाही. पाणी कुठपर्यंत दिलंय, कुठे पातं कडक आहे, कुठे मऊ ठेवलंय, हे घडवणाऱ्या घरालाच ठाऊक. धार लागून खुकुरी परत गेली की वरच्या घरी तिच्यावर सोनं बुडवलेलं पाणी शिंपडतात, आमचा विटाळ जावा म्हणून. आगीतून आलेलं लोखंड विटाळतं, आणि ज्याने ते आगीतून काढलं तो अस्पृश्य. यांच्या शास्त्रापुढे हात टेकले बाई.

कप्तानांचा गडी खुकुरी घेऊन आला. हर्कलाल उठलाच होता. मी त्याच्या आणि फळीच्या मधे उभी राहिले.

“कुठल्या घरची आहे?” मी गड्याला विचारलं.

“जमादारांची.”

“घडवली कुणी ते विचारते.”

तो बावचळला. “तुम्हीच ना?”

“बोर्डावर तर कारखाना लिहिलाय. मग धार कारखान्याकडूनच लावून घ्या. साहेबांना सांग, टपालाने पाठवा म्हणावं, नवमीपर्यंत येईल कदाचित.”

गडी खुकुरी घेऊन परत गेला. तासाभरात गोष्ट साऱ्या बाजारात पसरली. वरच्या आळीत संताप, आमच्या टोलात, म्हणजे कामींच्या वस्तीत, भीती. हर्कलालने भट्टी विझवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. कप्तानांनी पलीकडच्या टोलातल्या कामीला निरोप धाडला, तो म्हणाला, “गजमेरांचं पातं आहे, बटुलीने हो म्हटलं तर लावतो.” त्याच्या पुढच्याने पाठदुखीचं सोंग घेतलं. आमची माणसं भित्री खरी, पण रिवाज मोडायलाही भितात, आणि या वेळी ते माझ्या पथ्यावर पडलं. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडे विजेचा दगड होता. कप्तान तिथवर गेले आणि तसेच परतले. ते सैनिक आहेत, विजेच्या दगडावर पातं तापून निळं पडलं की त्याचा जीव जातो हे त्यांना सांगावं लागत नाही. बोथट खुकुरीने साऱ्या गावासमोर आणि पलटणीच्या साहेबांसमोर घाव घालायचा होता तो त्यांनाच.

फुलपातीला, दशैंच्या सातव्या दिवशी, ते स्वतः आले. मागे गडी, गड्याच्या डोक्यावर बोर्ड. कारखान्याची ओळ पांढऱ्या रंगाने पुसून तिथे नवी ओळ घातली होती.

“वाच,” कप्तान म्हणाले. “झालं समाधान?”

मी वाचलं. घडवणारा, साइँला कामी.

आधी मला हसू आलं. मग इतका राग आला की हातातली सांडशी मी कोळशात खुपसली. आमच्याकडे घरातल्या तिसऱ्या मुलाला साइँला म्हणतात. प्रत्येक घरात एक साइँला असतो, कामींच्या टोलात तर ढिगाने. माझ्या आजेसासऱ्यांनी त्यांच्या घरासाठी उभा जन्म लोखंड ठोकलं. त्यांचे विळे, त्यांच्या कुदळी, त्यांच्या जमादाराला जिवंत परत आणणारी खुकुरी. आणि त्यांना ठाऊक काय, तर तो तिसरा.

“हे नाव नाही,” मी म्हटलं.

“आम्ही सगळे साइँलाच म्हणायचो.”

“तुम्ही सगळे म्हणायचात म्हणून ते नाव होत नाही. कप्तानसाहेब, जमादारांच्या कुत्र्याचं नाव काय होतं?”

“भोटे,” ते सहज बोलून गेले.

“बघा. कुत्र्याचं ठाऊक आहे. त्याच्या तेरवीला गाव जेवलं होतं म्हणतात.”

गडी खाली बघून हसला. कप्तानांचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

“घरी विचारून या,” मी म्हटलं.

“विचारलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा बोर्ड रंगवायच्या आधीच विचारलं. आईला विचारलं, आत्याला विचारलं. कुणालाच ठाऊक नाही.” ते हर्कलालकडे वळले. “तुझ्या आज्याचं नाव काय रे?”

हर्कलाल जमिनीकडे बघत होता. सख्खा नातू. त्याला नाव ठाऊक होतं, श्राद्धाला दरवर्षी तोच तर घेतो. पण कप्तानांसमोर आज्याचं पुरं नाव घ्यायचं म्हणजे आम्हालाही नाव असतं असं म्हणणं, आणि ते त्याच्या घशातून निघेना.

“साइँलाच राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. “चालेल.”

“चालणार नाही,” मी म्हटलं.

आता माझी पंचाईत. आमच्यात सून सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव घेत नाही. जीभ झडते म्हणतात. ओसरीवर त्यांच्यापाशी बसून मी खुकुरीची सगळी विद्या शिकले, पण त्यांचं नाव एकदाही माझ्या तोंडून गेलं नव्हतं. ते मेले तेव्हाही नाही. रडतानासुद्धा मी ‘अहो बाजे’, अहो आजोबा, म्हणूनच रडले. पण नातू मूग गिळून बसला, तर नाव घेणार कोण. झडायची तर झडू दे जीभ.

“अंगणातून सांगायचं नाव नाही ते,” मी कप्तानांना म्हटलं. “आत या.”

आमची चौकट बुटकी आहे. ताठ माणसालाही वाकावं लागतं. कप्तान चौकटीशी थांबले. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी हा उंबरा ओलांडला नव्हता. गड्याने आ वासला होता. मी त्यांना ओढलं नाही, हात जोडले नाहीत, विनवलं नाही. भट्टीपाशी पिढं ठेवलं आणि केटली चुलीवर चढवली. जायचं असतं तर ते जाऊ शकत होते. नवमी दारात होती आणि खुकुरी बोथट होती, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. तरी ते आत आले ते केवळ तेवढ्यासाठी नसावं असं मला वाटलं. ते वाकले आणि पिढ्यावर बसले.

चहा दिला. आमच्याच पेल्यात. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि प्याले. साखर जास्त झाली होती, तसं ते म्हणालेही.

“लिहून घ्या,” मी म्हटलं. “नैनमान गजमेर.”

हर्कलालने कानावर हात ठेवले. माझी जीभ जागच्या जागी होती.

“नैनमान,” कप्तान म्हणाले. पहिल्यांदा ते नाव वरच्या आळीच्या तोंडात गेलं. “डावखुरा होता ना? आजा सांगायचा. डाव्या हाताचा कामी आहे, पण हात सोन्याचा.”

“तुमच्या आज्याला हात दिसला, नाव विचारावंसं नाही वाटलं.”

कप्तानांनी पेला संपवला. उठले आणि बोर्ड घेऊन गेले.

धार मी लगेच लावली नाही. बोर्डावर तेलरंगाने नाव चढलं, बोर्ड शाळेच्या भिंतीवर ठोकला गेला, आणि तो खडूने लिहिलेला नाही ना, हे मी बोट फिरवून पाहिलं. शिक्का तसाच राहिला. कप्तान म्हणाले, घासून टाकू का. मी म्हटलं, असू दे, चोराच्या पावलाचा ठसा आहे, लोकांनी विचारू दे. मग दुकानापुढे येऊन त्यांनी खुकुरी काढली. फळी समोरच होती. त्यांनी ती फळीवर न ठेवता माझ्यापुढे धरली, मूठ माझ्या बाजूला करून. मी त्यांच्या हातातून घेतली.

तासतासभर पाणी सोडत दगड फिरवला. दरवर्षीच्या धारेने पातं झिजून निमुळतं झालं होतं. हर्कलाल लांबून बघत होता, शेवटी त्याला राहवेना, जवळ येऊन म्हणाला, “पोटाकडे जरा हलका हात ठेव, तिथे पाणी कमी दिलंय.” आमचं बोलणं असं सुरू झालं.

नवमीला कोटात पुजाऱ्याने सोन्याच्या पाण्याची वाटी उचलली. कप्तानांनी खुकुरी बाजूला घेतली. “नको,” ते म्हणाले. “ताजी धार आहे, गंजेल.” पुजाऱ्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण कप्तानांच्या मिशा ताठ होत्या, त्याने वाटी खाली ठेवली. बोकड एका घावात पडला. आम्ही कामी नेहमीसारखे पायऱ्यांच्या खाली उभे होतो.

मग सगळे शाळेतल्या खोलीत गेले. पलटणीचे साहेब काचेवर वाकले आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं. शिक्का कारखान्याचा, सन त्रेचाळीस, आणि बोर्डावर कुणाचं तरी नाव, हे कसं? मी दारातून आत शिरले होते. हर्कलालला दंडाला धरून मीच ओढून आणलं होतं. कप्तानांची आणि माझी नजरानजर झाली. ते टाळतील असं मला वाटलं.

“शिक्का आमच्या घरच्यांनी मारला,” कप्तान म्हणाले. “खोटा आहे. खुकुरी यांच्या घरची.” आणि त्यांनी हर्कलालकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. हर्कलाल दाराकडे सरकला. मी त्याला बोर्डासमोर उभं केलं आणि म्हटलं, वाच. त्याने अक्षरावर बोट ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं.

“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं. “मोठ्याने वाच.”

आणि त्याने वाचलं.